व्हिएतनामात नानाचा दुभाष्या

मी धुळ्याला ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतो. गेली बावीस वर्षं फळ्यावर मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश काढतो आहे आणि तो दर वर्षी थोडा वेगळा येतो. एकाही विद्यार्थ्याने आजवर 'सर, तुम्ही हे पाहिलंय का' असं विचारलेलं नाही. ही त्यांची सभ्यता की झोप, हे मी तपासायला गेलो नाही. माझा स्वतःचा परदेश शिरपूरच्या पुढे, मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा.

त्यामुळे लग्नाला पंचवीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने माझी बायको सुनंदा हिने 'आपण व्हिएतनामला जाऊ' असं जाहीर केलं, तेव्हा मी जाणकाराला शोभेल अशी शंका काढली. म्हटलं, तिथे खायचं काय?

"बावीस वर्षं तिथल्या भाताचं उत्पादन शिकवताय ना," ती म्हणाली. "भात खाऊ."

खरी अडचण भाताची नव्हतीच. ती शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी, आमच्या गावी बसलेली होती. तिला आम्ही माय म्हणतो. मायचं वय पंचाहत्तरच्या आसपास. गावातली एक म्हातारी मुलाकडे दुबईला जाऊन आली होती आणि तेव्हापासून पारावर, मंदिरात, लग्नाच्या पंगतीत तिच्या दुबईशिवाय दुसरा विषय नव्हता. मायला दुबईचा पुरता कंटाळा आला होता आणि त्यावर एकच इलाज होता. तिने लगेच होकार दिला, पण अट घातली.

"मी येसू. पन मना दोन्ही आंडोर संगे पायजेत."

आंडोर म्हणजे मुलगे. थोरला नाना, धाकटा मी. घरात मला बापू म्हणतात. आम्ही दोघे चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. वाटणी झाली, ती अगदी शांततेत झाली. तिथेच संशय यायला हवा होता. पुढच्याच महिन्यात माझ्या वाट्याची चार एकर मी नानाला न विचारता गावातल्या दुसऱ्या एका माणसाला कसायला दिली. माणूस भला, त्याचा काही दोष नाही. पण त्या दिवसापासून नानाने माझ्याशी बोलणं टाकलं. मी समोर बसलेला असलो तरी तो आपल्या बायकोला, लता वहिनीला म्हणायचा, "त्या धुयावालाले इचार, चहा लेस का." धुयावाला म्हणजे धुळेवाला. वहिनी मला विचारायची, मी तिला 'हो' म्हणायचो, ती त्याला 'हो म्हणतात' असं सांगायची. दोन हातांच्या अंतरावरून आमच्या घरात चहा असा यायचा.

"मी मरसू तवय बी लताना तोंडथीनच बोलशात का?" मायने फोनवर मला विचारलं.

मागून वहिनीचा आवाज आला, "मला पण कधीतरी मरायचं असेल, भाऊजी."

नानाला तयार कसं करायचं, हा प्रश्न योगायोगाने सुटला. फोन स्पीकरवर असताना मी मायला सांगत होतो की तिकडे कालव्यांच्या दोन्ही बाजूंनी केळी लागलेल्या असतात आणि त्यांना ठिबकसुद्धा लागत नाही. नाना त्याच खोलीत होता. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. "हे विचारताहेत, ठिबक नाही तर मग खत कसं देतात?" मी म्हटलं, मला माहीत नाही, जाऊन बघावं लागेल. तिसऱ्या दिवशी नानाच्या पासपोर्टसाठीचे कागद माझ्या फोनवर येऊन पडले.

कागदोपत्री प्रवास

परदेशप्रवासाचा सगळ्यात लांब टप्पा आपल्याच जिल्ह्यात असतो, हे मला माहीत नव्हतं. मायच्या जन्माची नोंद कुठेच सापडेना. एका कागदावर ती माझ्या मामापेक्षा मोठी होती, दुसऱ्यावर लहान. मामा स्वतः येऊन साक्ष द्यायला तयार झाला, पण तो तिसरंच वय सांगायचा. पासपोर्ट कार्यालयात नानाच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. चाळीस वर्षं माती, खत आणि केळीचा चीक यांनी त्याच्या बोटांवरच्या रेघा पुसून टाकल्या होत्या. तिथल्या बाईंनी ओला रुमाल दिला, पुन्हा पुसायला लावलं, पुन्हा दाबायला लावलं. चौथ्या वेळी यंत्राने हार मानली. माझे ठसे मात्र पहिल्याच दाबाला स्वच्छ आले. नाना ते बघत होता. वहिनीला म्हणाला, "खडूनी धूळ शे ती, धुवाई जास."

व्हिसाचे अर्ज मी घरी बसून ऑनलाइन भरले. पाचही जणांचे. शिक्षक असल्यामुळे दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या खानदेशाप्रमाणे नानाचाही जन्म शाळेच्या दाखल्यावर एक जूनलाच झालेला आहे. मी घाईत दिवसाच्या जागी महिना टाकला आणि नाना सहा जानेवारीला जन्मला. चौघांचे व्हिसा बरोबर आले. नानाच्या व्हिसावर जन्म चुकलेला. विमानाला पाच दिवस राहिले होते.

वहिनीच्या फोनवरून निरोप आला. "हे म्हणताहेत, मुद्दाम केलं."

"मुद्दाम कशाला करू?"

"मी त्यांना विचारलं. ते म्हणतात, जमीन मुद्दामच दिली होती ना."

मी पुन्हा अर्ज भरला. या वेळी सुनंदाने शेजारी बसून एकेक आकडा मोठ्याने वाचला, पहिलीच्या वर्गात वाचून घेतात तसा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिला सवय आहे. पुढचे चार दिवस मी वर्गात मेकाँग शिकवायचा सोडून फोन बघत होतो. सगळे निघून गेले आणि नाना माझ्या चुकीमुळे ओट्यावर बसून राहिला, तर पुढची चाळीस वर्षं तो वहिनीशीसुद्धा माझ्याबद्दल बोलणार नाही, हे मला दिसत होतं. नवा व्हिसा निघायच्या आदल्या दुपारी आला. तो छापून घ्यायला मी दुकानात धावत गेलो. नानाने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि मायला म्हणाला, "आते बरोबर शे."

खाण्याची तयारी मायकडे होती. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं, आठ दिवस पुरेल एवढं. दशम्या, ठेचा, लाल तिखट शेव, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. वर केळीचे वेफर्स, जणू व्हिएतनामला केळी कमी पडणार होती. "आम्ही तिकडचं खाऊन बघणार आहोत," असं सुनंदा म्हणाली. मायने तिच्याकडे पाहिलं आणि शेवेची आणखी एक पिशवी ठेवली.

सायगाव

शहराचं सरकारी नाव हो ची मिन्ह असलं तरी तिथली माणसं अजून सायगावच म्हणतात. मायला ते विमानातच कळलं आणि ती नाराज झाली. "सायगाव तं आपला चाईसगावकडे बी शे. तठे जावाले इमान कसाले?"

आमची वाटाडी लान नावाची चाळिशीची बाई होती. अंगाने बारीक, डोक्यावर मोठी टोपी, इंग्रजी तुटक पण नेमकं. आमच्यात इंग्रजी येणारे दोघे, मी आणि सुनंदा. पण विमानतळावर उतरल्यापासून सुनंदाला इंग्रजी अचानक येईनासं झालं. घरी इंग्रजी मालिका बघून हसणारी बाई लानच्या प्रत्येक वाक्यावर माझ्याकडे बघायची. मी दोनदा हळूच म्हटलं, "तू सांग ना." ती म्हणाली, "मला नाही समजत तिचं." वहिनी शेजारी उभी राहून पदर नीट करत होती. या दोघींचं काही ठरलेलं आहे, हे कळायला मला दोन दिवस लागले. नकाशे वाचणाऱ्या माणसाला चेहरे वाचता येतातच असं नाही.

पहिल्या सकाळी वहिनी हॉटेलसमोरच्या एका हातगाडीवजा दुकानात गेली आणि ठासून म्हणाली, "चाय. चाय." दुकानवाली बाई खूश झाली, तिने मान डोलावली आणि पाच जणांसाठी भात, टोफू आणि कसल्या तरी पाल्याच्या वाफाळत्या वाट्या आणून ठेवल्या. वहिनीने पुन्हा सांगितलं, चाय. बाईने आणखी एक वाटी आणली. लान आल्यावर उलगडा झाला: त्यांच्या भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी. ज्या देशात प्रत्येक भाजीत मासळीचं पाणी घालतात, तिथे जिवंत राहायला लागणारा एकमेव शब्द आम्हाला चहाच्या तलफेपायी सापडला. पुढचे सगळे दिवस आम्ही दारात शिरतानाच 'चाय' म्हणायचो. आपला दुधाचा चहा मात्र एकदाही मिळाला नाही. मिळाली ती बर्फातली कॉफी. नानाने ती मायकडे सरकवली.

सायगावात बघायला पुष्कळ आहे आणि आम्ही त्यातलं थोडं बघितलं. माय आणि नाना यांना ते फारसं भावलं नाही. एका भव्य जुन्या इमारतीसमोर लान दहा मिनिटं बोलली, मी तीन मिनिटं भाषांतर केलं, आणि नाना वहिनीला म्हणाला, "तिले इचाराले सांग, केळी कवय दखाडशात."

कान थो

केळी दुसऱ्या दिवशी दाखवली. सायगावहून दक्षिणेला कान थो हे शहर आहे, तिथून पुढे होडीने एका कालव्यात. फळ्यावर मी जो त्रिभुज प्रदेश काढतो त्यात चार रेषा असतात. प्रत्यक्षात तिथे जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळतच नाही. घरांच्या पायऱ्या पाण्यात उतरतात आणि शेजारणी होडीतून येऊन भाजी देऊन जातात. पाण्याचा रंग पुरातल्या तापीचा. "बठ्ठं पानी," माय म्हणाली, म्हणजे सगळं पाणीच. तिच्या आवाजात कौतुक होतं की दुष्काळी भागाचा राग, ते मला ओळखता आलं नाही.

आम्ही दोन दिवस ज्यांच्या बागेत राहिलो त्या शेतकऱ्याचं नाव बाय. आमच्याकडे बाय म्हणजे बाई. इथला बाय सत्तरीचा, उघडाबंब, तोंडात विडी असलेला. लानने सांगितलं की बाय हे नाव नव्हे, त्याचा अर्थ सात. या भागात मुलांना क्रमांकानेच हाक मारतात. मात्र थोरल्याला 'दोन' म्हणतात, 'एक' कोणालाच म्हणत नाहीत. असं का, ते लानने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. म्हणजे बाय हा सातवा नव्हे, सहावा. मग तिने नानाकडे बोट दाखवून 'दोन' म्हटलं, माझ्याकडे दाखवून 'तीन'. पहिला मान कोणालाच न देणारी पद्धत मला फार शहाणपणाची वाटली. आमच्या भावकीत सगळेच पहिले असतात.

बायची बायको अंगणात चुलीवर पातेल्याच्या तोंडाला कापड ताणून त्यावर तांदळाचं पातळ पीठ पसरत होती. वाफेवर पापुद्रा शिजला की बांबूच्या काडीने उचलून चटईवर वाळत घालायची. माय उभी राहिली. मग खाली बसली. मग तिने काडी मागितली नाही, सरळ घेतली. पहिला पापुद्रा फाटला, दुसरा फाटला, तिसरा अखंड उतरला. दोघी म्हाताऱ्या आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि एकमेकींना उत्तरंही देत होत्या. मी मदतीला गेलो तर मायने हाताने बाजूला सारलं. तिथे दुभाष्याची गरज नव्हती.

गरज केळीत होती. नाना केव्हाच बागेत शिरला होता. केळी कालव्याच्या काठाने दाट माजलेली, बुटकी, जाड, एकाला एक चिकटून. नाना उकिडवा बसला, बुंध्याला हात लावला, वास घेतला. मग उठून वहिनीला म्हणाला, "लता, त्याले सांग, इचार म्हना, एका खोडले किती पिलं ठेवस?"

वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, हे विचारताहेत, एका खोडाला किती पिलं ठेवता?"

आता माझी बाजू. आमच्या गावात केळी आली ती ठिबकबरोबर. तोवर मी धुळ्याच्या वसतिगृहात राहत होतो. पिलं म्हणजे मला कोंबडीची आणि मांजरीची माहीत. खोडाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्या क्षणी आठवेना, म्हणून मी ते गाळलं आणि लानला विचारलं, हे किती पोरं ठेवतात?

लानने चमकून माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं. बाय प्रसन्न झाला. त्याने सहा बोटं दाखवली आणि बरंच काही सांगितलं.

"सहा," मी वहिनीला म्हटलं. "दोन सायगावला आहेत, एक तैवानला दिली."

वहिनीने ते नानाला सांगितलं. नाना एकदम सावध झाला. पिलं सायगावला विकतात हे समजण्यासारखं होतं. तैवानला जातात म्हणजे धंदा मोठा दिसत होता. पण सहा? "येडा शे का हाऊ? सहा ठेवं तं घड कसा भरी? त्याले सांग, एक ठेव, बाकीनं बठ्ठं कापी टाक."

वहिनीने तसंच सांगितलं. मीही, शिक्षकाच्या निष्ठेने, लानला सांगितलं: एक ठेवा, बाकीची सगळी कापून टाका.

लानने टोपी काढली. "हे मी त्यांना सांगू शकत नाही," ती म्हणाली.

"काय म्हनस ती?" नानाने विचारलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ती म्हणते, हे सांगता येणार नाही. नानाचा संयम संपला. बायच्या कमरेचा सुरा त्याने मागून घेतला, खाली वाकून केळीच्या बुडखातून वर आलेला एक कोंब धरला, तो कापायची खूण केली आणि एक बोट वर केलं.

बायने कोंबाकडे पाहिलं, नानाच्या बोटाकडे पाहिलं, लानला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. मग तो हसायला लागला. हसता हसता कालव्याच्या काठावर बसला. त्याने बायकोला हाक मारून सगळं सांगितलं, ती पातेलं सोडून हसायला लागली, आणि कशावर हसायचं ते न कळताही माय तिच्यासोबत हसली.

नाना हसला नाही. तो सुरा हातात धरून माझ्याकडे वळला.

"बापू," तो म्हणाला, "तुले केळीनं पिल म्हाईत नही?"

चार वर्षांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. या क्षणाची मी मनात पुष्कळदा तालीम केली होती. कुठे तो रडायचा, कुठे मी. केळीच्या कोंबावरून परीक्षा होईल असं त्यात कुठेच नव्हतं.

"मला कोणी दाखवलं होतं?" मी म्हटलं.

"तू इचारं का कधी?"

"आणि तू विचारलंस?" माझा आवाज चढला. "वाटणीच्या आधी दहा वर्षं आपल्या शेतात कापूस आहे की केळी, ते मला शिरपूरच्या स्टँडवर लोक सांगायचे. जमीन दिली तो माणूस दर वर्षी फोन करतो. विचारतो, सर, यंदा काय लावू?"

"मंग तू काय सांगस त्याले?"

खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. "सांगतो, तुम्हाला योग्य वाटेल ते लावा."

वहिनीने तोंडाला पदर लावला. सुनंदा दुसरीकडे बघायला लागली. लानने मला हळूच विचारलं, ते काय बोलताहेत? मी म्हटलं, केळीबद्दल.

नानाने सुरा खाली केला. मग खालच्या आवाजात बोलायला लागला. "गावमा लोक माले इचारेत. भाऊनं तुले सोडीसन परकाले काबर दिन्ही? तू काय त्यानं खाई टाकं? चार साल मी काय सांगू लोकसले?"

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मला वाटत होतं, त्याला जमिनीचा राग आहे. मी धुळ्यात बसून स्वतःचा मान जपत होतो आणि गावात रोज चार माणसांत उठबस करणाऱ्या माणसाकडे लोक चोर म्हणून बघत होते. त्याने माझ्या वाट्यातलं एक शेंगदाण्याचं टरफलही कधी जास्त घेतलं नव्हतं, हे मला जेवढं माहीत होतं तेवढं कोणालाच नव्हतं. आणि मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

"नाना," मी म्हटलं, "तुला विचारायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"हां," तो म्हणाला.

एवढंच. मग त्याने सुऱ्याच्या टोकाने जमिनीकडे दाखवलं. "हाई देख. याले पिल म्हंतस. आईना बुडखातीन निंघस. जास्ती ठेवं तं आईनं बठ्ठं खाई टाकस."

दुसरा दिवस

दुसऱ्या सकाळी नानाने माझी शिकवणी घेतली. कंद, खोड, पिल, केळफूल, घड, फणी. मी बायच्या नातवाच्या जुन्या वहीत लिहून घेत होतो आणि लानला एकेकाचं इंग्रजी विचारत होतो. फणीला इंग्रजीत 'हात' म्हणतात आणि एकेका केळ्याला 'बोट', हे कळल्यावर नानाने पहिल्यांदाच इंग्रजी भाषेला मान दिला. वर्गात पोरांना मी जसा दोनदा विचारतो तसा तो मला विचारत होता, आणि माझं चुकत होतं.

शब्द जुळल्यावर नाना आणि बाय यांची जी जुंपली, ती जेवणापर्यंत थांबली नाही. बाय प्रत्येक खोडाला तीन पिलं ठेवायचा. ठिबक नाही, खत म्हणजे कालव्यातला गाळ. नाना म्हणाला, घड लहान येतो. बाय म्हणाला, लहान येतो पण बारा महिने येतो. नाना म्हणाला, लहान घड व्यापारी घेणार नाही. बाय म्हणाला, व्यापाऱ्याला देतोच कशाला, सुकवून आम्हीच खातो. यावर नानाने खोडाची तिन्ही पिलं पुन्हा एकदा निरखली. मला म्हणाला, "याले सांग, तो बरोबर शे. पन तसंच सांगू नको. जरासं कमी करीसन सांग."

वहिनी त्या दिवशी सकाळपासून होडीत बसून नुसती फिरत होती. कोणाचाही निरोप कोणालाही द्यायचा नव्हता. सुनंदाला इंग्रजी पुन्हा यायला लागलं होतं आणि ती लानशी साड्यांवर बोलत होती.

दुपारी जेवायला बायच्या बायकोने केळफुलाची कोशिंबीर केली. मायने आपलं कळण्याचं पीठ काढलं आणि त्यांच्या चुलीवर भाकरी थापली. तवा खोलगट होता, भाकरी होडीसारखी वर वळली. बायने ती ठेच्याला लावली आणि पाणी मागितलं. मग दुसरी घेतली.

सगळं गोड झालं, असं इथे लिहून थांबता आलं असतं. पण त्याच संध्याकाळी कान थोच्या हॉटेलात वहिनीची बॅग भरताना साडीत गुंडाळलेला एक केळीचा कंद निघाला, मातीसकट. मी नानाला म्हटलं, हे नेता येणार नाही.

"एकच तं शे."

"एक असो की शंभर. परवानगी नाही."

नाना पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. "लता," तो म्हणाला, "त्या धुयावालाले सांग..."

चार वर्षांचा अबोला मिटून अजून दीड दिवसही झाला नव्हता. वहिनीने हातातली साडी खाली ठेवली. "मी नाही सांगणार," ती म्हणाली. "भाऊजी इथेच बसलेत. तुम्हीच सांगा."

मग मीच जाऊन त्याच्या शेजारी बसलो. "नाना, या मातीत कोणता रोग असेल आपल्याला काय माहीत? तूच सकाळी शिकवलंस ना, रोगट झाडाला लावलेला विळा दुसऱ्या झाडाला लावायचा नाही. उद्या गावातल्या सगळ्या बागा बसल्या तर?"

त्याने कंद मांडीवर घेतला, फिरवून फिरवून पाहिला. "हाई मातर तू बरोबर बोलना," तो म्हणाला.

पण फेकून द्यायला त्याचा हात होईना. शेवटी तो हॉटेलच्या मागच्या अंगणात गेला. तिथे शोभेच्या झाडांची एक मोठी कुंडी होती, तिच्यात हाताने खड्डा करून त्याने कंद लावला आणि प्यायच्या बाटलीतलं पाणी घातलं. दारावरचा माणूस बघत होता. नानाने त्याला माझ्याकरवी सांगितलं, तीन दिवसांनी पाणी द्या. मी सांगितलं. तो माणूस अतिशय अदबीने हो म्हणाला. त्या अर्थी त्याला काहीही कळलं नसावं.

परत

गावात मायने दुबईवालीला आठवडाभरात गप्प केलं, असं वहिनी सांगते. माझी चार एकर त्याच भल्या माणसाकडे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी गेलो तेव्हा त्याच्याकडून काढून तुला देतो, असं नानाला म्हटलं. तो म्हणाला, "त्याना काय गुन्हा? ऱ्हाऊ दे." मग आम्ही दोघे पारावर जाऊन बसलो, सगळ्यांना दिसेल असे, आणि मी मुद्दाम मोठ्याने बोललो की जमीन द्यायची अक्कल माझी होती, नानाशी त्याचा काही संबंध नाही. लोकांनी ऐकलं आणि पावसाबद्दल बोलायला लागले. एवढ्या वर्षांचा विषय तीन मिनिटांत संपल्याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

आता नानाचा मला रोज सकाळी फोन येतो. प्रेमाने नव्हे. त्याला बायला काही विचारायचं असतं, किंवा बायने पाठवलेल्या फोटोतलं पान पिवळं का आहे ते त्याला सांगायचं असतं. मी ते इंग्रजीत लिहून लानला पाठवतो, ती बायला वाचून दाखवते, त्याचं उत्तर त्याच वाटेने शिरपूरला येतं. एका केळीच्या पानासाठी दोन देशांतली चार माणसं कामाला लागतात. मी फोनजवळ वही ठेवतो.

परवाही सातच्या सुमारास फोन आला. मी वही ओढली.

"बोल."

"काय नही," नाना म्हणाला.

"बायला काही विचारायचंय?"

"नही."

मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता.

"चहा झाया का तुना?"

"झाला. तुझा?"

"झाया."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "बरं, ठेवस," पण फोन ठेवला नाही. मीही नाही.